‘टू माय स्टार’चे दुसरे पर्व : जी-वू बोलत का नाही?

धागाकर्ता

‘टू माय स्टार’ या कोरियन मालिकेचे दुसरे पर्व मी नुकतेच तिसऱ्यांदा पाहून संपवले. या पर्वाविषयी जिथे जिथे वाचले, तिथे एकच तक्रार आढळली : पहिल्या पर्वाच्या शेवटी सुखाने नांदू लागलेल्या दोघांना दुसऱ्यात उगाच रडवले आहे. ही तक्रार मला मान्य नाही, किंवा अर्धीच मान्य आहे, म्हणून हा धागा. पुढे कथानक उघड होणार आहे. ज्यांना मालिका कोरी पाहायची असेल त्यांनी इथेच थांबावे.

ज्यांनी पहिले पर्व पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या पहिल्या पर्वाचे नऊ भाग आहेत आणि सगळे मिळून त्यांची लांबी एखाद्या चित्रपटाएवढीच भरते. कांग सो-जून हा नावाजलेला नट मारहाणीच्या एका प्रकरणात अडकतो आणि लोकांच्या नजरेआड व्हावे म्हणून हान जी-वू नावाच्या शेफच्या घरात येऊन राहतो. नट बडबड्या, लाघवी, थोडासा निर्लज्ज. शेफ घुमा, नेमस्त, स्वतःच्या घरातही पाहुण्यासारखा वावरणारा. सोन वू-ह्यून आणि किम कांग-मिन या दोघांनी ही कामे केली आहेत. एका घरातले दोन भिन्न स्वभाव, कुरबूर, जवळीक आणि प्रेम अशी ती सरळ गोष्ट आहे. ती छान आहे, पण तिच्याविषयी धागा काढावा असे मला कधी वाटले नव्हते.

दुसरे पर्व जून २०२२ मध्ये आले. मुळात ते आले हेच विशेष म्हणावे लागेल. कोरियन मालिकांची जुनी रीत अशी की, सोळा भागांत गोष्ट संपते, नायक-नायिका मार्गी लागतात आणि पुढच्या आठवड्यात त्याच वेळेला दुसरी मालिका सुरू होते. पुरुषांच्या प्रेमकथांच्या या छोट्या मालिकांत तर अडचणी आणखी असतात. खर्चाला मर्यादा असते, कलाकार बहुधा नवखे असतात आणि त्यातच प्रत्येक तरुणाला सक्तीची लष्करी सेवा चुकत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या ‘सिमँटिक एरर’ने कोरियात मोठेच यश मिळवले, पण तिच्या दोन नायकांपैकी पार्क सो-हाम मार्च महिन्यात सेवेत रुजू झाला, मग दुसऱ्या पर्वाऐवजी त्याच मालिकेची काटछाट करून ऑगस्टमध्ये चित्रपट काढण्यात आला. त्या मानाने ‘टू माय स्टार’चे नशीब बरे. तेच दोन नट, तीच दिग्दर्शिका ह्वांग दा-सुल आणि या वेळी दहा भाग, तेही पहिल्याहून लांब.

आता मुद्द्याचे. दुसऱ्या पर्वाच्या आरंभीच जी-वू सो-जूनला सोडून निघून गेलेला आहे. भांडण नाही, तिसरा माणूस नाही, कारणही सांगितलेले नाही. सो-जून त्याचा माग काढत एका खेड्यात पोचतो आणि हटून तिथेच मुक्काम ठोकतो. जी-वू त्याला हाकलून देत नाही आणि जवळही करत नाही. बराच वेळ हेच चालते. प्रेक्षक चिडतो ते इथे. पण जरा पाहा, आपण कुणाच्या जागेवरून चिडत असतो? आपल्याला सो-जूनइतकेच ठाऊक असते, त्याहून अधिक काहीही नाही. ज्याला न सांगता सोडून दिले जाते त्याचा पहिला त्रास विरहाचा नसतो. आपले नेमके काय चुकले, हे न कळण्याचा असतो. मालिकेने ते न कळणे आपल्याही माथी मारले आहे, आणि माझ्या मते ते जाणूनबुजून केले आहे.

दुसरी गोष्ट जी-वूच्या मौनाची. पहिल्या पर्वात हे मौन गोड वाटते. घुम्या माणसाला बोलते करण्याची जी गंमत असते, तिच्यावरच ते नऊ भाग उभे आहेत. दुसऱ्या पर्वात तेच मौन शस्त्र होते आणि मग लक्षात येते की, ते गोड आधीही नव्हते. आपणच ते गोड मानून घेतले होते. आपले सुख उद्या कुणीतरी हिरावून नेणार अशी ज्याची खात्री आहे, तो माणूस ते हिरावले जाण्याआधी स्वतःच टाकून देतो. तो दुष्ट नाही. त्याला सुखाची सवय नाही.

या भीतीला कोरियात पाया आहे का? आहे. होंग सोक-चोन या नटाने आपण समलिंगी असल्याचे २००० साली जाहीर केले. कोरियन करमणूकविश्वात उघडपणे असे सांगणारा तो पहिलाच नामवंत मानला जातो. त्याची कामे गेली, त्यात लहान मुलांच्या एका लोकप्रिय कार्यक्रमातले कामही होते. पुढे सोलमधल्या इथेवॉन भागात त्याने उपाहारगृहे काढली आणि त्यावर उभा राहिला. दूरदर्शनवर परतला तो काही वर्षांनी. एक नट आणि एक स्वयंपाकी अशी जोडी लिहिणाऱ्यांच्या मनात हा माणूस होता असे मी म्हणणार नाही, तसे म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. पण तो इतिहास माहीत असला म्हणजे जी-वूच्या जागी बसून पाहता येते. सो-जूनचे नाव हेच त्याचे पोट आहे, आणि ते नाव आपल्यामुळे जाऊ शकते, हे जी-वूला सो-जूनहून चांगले कळते.

शेवटचा मुद्दा शब्दाचा आहे आणि त्यावरच मला अधिक लिहायचे आहे. कोरियन भाषेत प्रेमासाठी ‘सारांग’ हा शब्द आहे, तो आता बहुतेकांना ठाऊक झाला आहे. ‘जोंग’ हा शब्द तितका माहीत नसतो. इंग्रजी उपशीर्षकांत तो कधी ओढ होतो, कधी आपुलकी होतो, कधी गळूनच जातो. मराठीत मात्र त्याच्यासाठी जवळजवळ तयार शब्द आहे : लळा. जोंग पहिल्या नजरेत होत नाही. एका छपराखाली राहून, एका पातेल्यातले खाऊन, एकमेकांच्या खोडींवर चरफडत ते कधीतरी ‘आत येते’. कोरियन क्रियापद अक्षरशः तेच आहे. त्यांच्याकडे ‘मिउन जोंग’ असाही एक प्रकार आहे, म्हणजे ज्याचा राग येतो त्याच माणसाचा लागलेला लळा. भांडकुदळ शेजारीण गावी गेली की ओटा सुना वाटतो, तो हा प्रकार.

माझे म्हणणे एवढेच की, पहिले पर्व सारांगचे आहे आणि दुसरे जोंगचे. खेड्यात सो-जून आणि जी-वू यांच्यात प्रेमाचे म्हणावे असे फारसे घडत नाही. जेवणे घडतात, कामे घडतात, येणेजाणे घडते. एखाद्याने तुम्हाला सोडले असेल तर प्रेमाची आठवण देऊन त्याला परत आणता येत नाही, कारण प्रेम होते हे त्यालाही ठाऊक असते. त्याच्या दिवसात पुन्हा हळूहळू शिरावे लागते. ज्यांना हे रटाळ वाटले त्यांना पहिल्या पर्वासारखी धडधड हवी होती. ती इथे नाही, हे मी मान्य करतो.

---

सांजवेळ

लेख आवडला, पण पटला नाही. आपण जी-वूच्या मौनाला जितकी सहानुभूती देता तितकी मला देता आली नाही. ‘तुझ्या भल्यासाठी तुला सोडले’ हे वाक्य स्त्री-पुरुषांच्या मालिकांत आपण शेकडो वेळा ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ ‘तुझ्याविषयीचा निर्णय मी तुला न विचारता घेतला’ असाच असतो. सो-जून मोठा माणूस आहे. आपली कारकीर्द पणाला लावायची की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्याचा होता. जी-वूने तो हक्क काढून घेतला आणि मालिका त्याबद्दल त्याला पुरेसे खडसावत नाही. समेट होतो, डोळे पुसले जातात, पण हिशेब होत नाही.

आणखी एक. कारण उशिरा सांगण्यात कला आहे हे मान्य. पण उशीर किती असावा यालाही कला म्हणतात. अर्धे पर्व संपेपर्यंत माझी सो-जूनबद्दलची कळकळ आटली आणि ‘बाबा रे, तूच आता घरी जा’ असे वाटू लागले.

---

धागाकर्ता

सांजवेळ, हिशेब होत नाही हा आक्षेप माझ्या लेखातला सर्वांत कच्चा दुवा बरोबर हेरतो. समेट मलाही घाईचा वाटला. इतके भाग वाट पाहायला लावून शेवटी गाठ एका झटक्यात सुटते, तेव्हा ती मुळात फार घट्ट नव्हती की काय अशी शंका येते.

मात्र ‘खडसावत नाही’ याच्याशी सहमत नाही. सो-जून तिथून हलत नाही, हीच शिक्षा आहे. ज्याला पळून जायचे असते, त्याच्यासाठी रोज सकाळी समोर येणारा माणूस ही कोणत्याही बोलण्यापेक्षा कडक शिक्षा असते.

---

ठिपका

जोंगविषयीचा परिच्छेद वाचून एक प्रश्न विचारते. मी मालिका इंग्रजी उपशीर्षकांसह पाहिली. कोरियनमध्येही आपल्यासारखे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असतात असे ऐकून आहे. या प्रकारच्या मालिकांत एक नायक दुसऱ्याला ‘ह्योंग’ म्हणताना नेहमी ऐकू येते, आणि खाली पडद्यावर मात्र सरळ त्याचे नाव लिहिलेले असते. यात काय हरवते? मराठीत उपशीर्षके केली तर ह्योंगचे काय करायचे? ‘दादा’ लिहिले तर प्रेक्षक खुर्चीवरून पडतील.

---

धागाकर्ता

ठिपका, मी कोरियन शिकतो आहे, निष्णात नाही; तेव्हा जेवढे खात्रीने सांगता येते तेवढेच सांगतो.

कोरियनमध्ये ‘तुम्ही’ हा भेद सर्वनामात कमी आणि क्रियापदाच्या शेपटीत जास्त असतो. जवळच्या माणसाला ‘जा’ म्हणायचे तर ‘गा’ एवढेच पुरते. त्यालाच ‘यो’ जोडून ‘गायो’ केले की ते सभ्य होते आणि ‘गासेयो’ म्हटले की आदरार्थी होते. पहिल्या प्रकाराला बानमाल म्हणतात आणि आदराच्या बोलीला जोनदेनमाल. दोन अनोळखी माणसे एका घरात राहू लागली की त्यांच्यातला ‘यो’ कधी गळतो, याकडे कोरियन प्रेक्षक आपसूक कान लावून असतो, कारण तिथे जवळीक आधी शेपटीत कळते आणि मग डोळ्यांत. बिनसल्यावर एखाद्याने मुद्दाम आदरार्थी बोलायला सुरुवात केली तर तो तोंडावर दार लावल्याचा आवाज असतो. नवरा-बायकोच्या भांडणात ‘तू’ जाऊन अचानक ‘तुम्ही मोठी माणसे’ येते, तेव्हा आपल्याला काय ते कळतेच. इंग्रजीत या सगळ्याचा एकच ‘यू’ होतो.

एक उदाहरण मला फार आवडते. ‘बाब मोगोस्सो?’ म्हणजे ‘जेवलास का?’ बाब म्हणजे शिजवलेला भात आणि बाब म्हणजेच जेवण. आपल्या कोकणातही हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. हाच प्रश्न मोठ्या माणसाला विचारायचा तर शब्दच बदलतात : ‘शिक्सा हाश्योस्सोयो?’ म्हणजे ‘जेवण झाले का आपले?’ कोरियात हा प्रश्न माहितीसाठी विचारत नाहीत, तो खुशाली विचारण्याचा प्रकार आहे. आता ज्या गोष्टीतला एक नायक शेफ आहे आणि ज्याला मनातले काहीही तोंडाने सांगता येत नाही, तिथे जेवणाचे प्रत्येक ताट म्हणजे त्याचे बोलणेच असते. इंग्रजीतला ‘डिड यू ईट?’ वाचून वाटते की, हा माणूस चौकशी करतो आहे. मराठीतला ‘जेवलास का?’ वाचून घशात काहीतरी येते.

ह्योंगबद्दल : पुरुषाने आपल्याहून मोठ्या पुरुषाला म्हणायचा तो शब्द आहे, मग तो सख्खा भाऊ असो की वरच्या वर्गातला मुलगा. स्त्रिया त्याच जागी ‘ओप्पा’ म्हणतात आणि त्यात प्रियकरही बसतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. मराठीत ‘दादा’ तिथपर्यंत ताणता येत नाही. मी असतो तर ‘ह्योंग’ तसाच ठेवला असता आणि पहिल्या भागात एकदा एखाद्या पात्राच्या वागण्यातून अर्थ कळू दिला असता. ज्यांनी ‘ओप्पा’ पचवला त्यांना ‘ह्योंग’ जड जाणार नाही.

जाता जाता : मालिकेचे मूळ नाव ‘नाउई ब्योल-एगे’ आहे. यातला ‘एगे’ म्हणजे आपली चतुर्थी. ‘माझ्या ताऱ्यास’, पत्राच्या मायन्यासारखे. आणि ब्योल म्हणजे आकाशातला तारा. रुपेरी पडद्यावरच्या ताऱ्याला कोरियनमध्ये इंग्रजीवरून आलेला ‘सुता’ वापरतात. इंग्रजी नावातली कोटी मूळ नावात तितकी ढळढळीत नाही.

---

तिरपे ऊन

चर्चा वाचतो आहे. मी स्वतः समलिंगी आहे आणि या मालिका आवडीने पाहतो. तरीही एक गोष्ट इथे कुणीतरी मांडायला हवी. या दोन्ही पर्वांत, आणि या प्रकारच्या बहुतेक कोरियन मालिकांत, आपण कोण आहोत हे पात्रे शब्दांत सांगत नाहीत. ती एका माणसावर प्रेम करतात. त्या प्रेमाला समाजात काय नाव आहे, कायद्यात काय जागा आहे, हे प्रश्न चौकटीबाहेर राहतात. खेडे इतके मायाळू दाखवले आहे की मला हेवा वाटला.

प्रत्यक्षात काय चालले होते ते पाहा. दिग्दर्शक किम जो ग्वांग-सू यांनी आपल्या जोडीदाराशी सप्टेंबर २०१३ मध्ये सोलमध्ये भर रस्त्यावर, लोकांसमोर लग्न केले. त्याची नोंद व्हावी म्हणून ते न्यायालयात गेले आणि २०१६ मध्ये त्यांची मागणी फेटाळली गेली. सैन्याच्या फौजदारी कायद्यातले कलम तर पुरुषांमधल्या संबंधांना संमती असली तरी गुन्हा ठरवत आले. सहमतीने, खासगी जागेत, कामाच्या वेळेबाहेर घडलेल्या गोष्टीला ते लावता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले ते एप्रिल २०२२ मध्ये, म्हणजे हे पर्व येण्याच्या जेमतेम दोन महिने आधी. त्याच वर्षी जानेवारीत एक जोडपे, एकाच्या आरोग्य विम्यावर दुसऱ्याचे नाव अवलंबित म्हणून राहावे एवढ्या साध्या मागणीसाठी खालच्या न्यायालयात हरले होते. तो खटला त्यांनी पुढे जिंकला. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १८ जुलै २०२४ ला लागला. लग्नाला मान्यता तिथे अजूनही नाही, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ती १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात दिली नाही, हे वेगळे सांगायला नको.

माझी तक्रार अशी नाही की मालिकेने मोर्चे दाखवावेत. पण जी-वूच्या भीतीला मालिकेने केवळ स्वभाव म्हणून दाखवले आहे. धागाकर्त्याने होंग सोक-चोनचा दाखला दिला, तो योग्यच आहे. मात्र तो दाखला आपल्याला बाहेरून आणावा लागतो, याचा विचार व्हावा. भित्रा स्वभाव आणि भीती वाटायला लावणारा समाज, या दोन गोष्टींतला दुसरा अर्धा भाग पटकथेने आपल्यावर सोपवला आहे.

---

धागाकर्ता

तिरपे ऊन, हे माझ्याकडून सुटले होते, आणि सुटले याचे कारण बहुधा हेच की, मला ते बाहेरूनच आणता येते. तुम्ही म्हणता ते मान्य. याच २०२२ च्या अखेरीस ‘द न्यू एम्प्लॉयी’ ही मालिका आली. तिचे दिग्दर्शन किम जो ग्वांग-सू यांचेच आहे. तिच्यात आणि या मालिकेत फरक जाणवतो का, हे तुमच्याकडून ऐकायला आवडेल.

---

तिरपे ऊन

जाणवतो. तिथे कचेरीतल्या कामाचा, वरिष्ठ-कनिष्ठ नात्याचा आणि कोण काय म्हणेल याचा दाब सतत असतो. तरी खरे सांगायचे तर रडलो मी ‘टू माय स्टार’लाच. सोन वू-ह्यून रडतो तेव्हा नटासारखा रडत नाही, तोंड वेडेवाकडे करून रडतो. आणि हे पात्र तर स्वतः नट आहे. कॅमेऱ्यापुढे सुंदर रडणे हा ज्याचा व्यवसाय, त्याला खरे रडू येते तेव्हा ते कुरूप दिसते, हे त्याने फार समजून केले आहे.

---

गवतफूल

दुसऱ्या जोडीविषयी कुणीच लिहिले नाही. किम पिल-ह्यून आणि बेक हो-मिन यांच्यासाठी मी दोन्ही पर्वे पाहिली, आणि मुख्य दोघे रडत असताना यांनीच मला तगवले. पहिले पर्व न पाहता दुसरे कळेल का, असे माझी मैत्रीण विचारते आहे.

---

धागाकर्ता

कळेल, पण लागणार नाही. काय गमावले हे आधी पाहिलेले असल्याशिवाय शोध कशाचा चालला आहे ते उमजत नाही. पहिले पर्व एका सुट्टीच्या दुपारी संपते. तिला तेवढी दुपार काढायला सांगा. दुसऱ्या जोडीवर अन्याय झाला, हे कबूल. त्यांच्यावर मला सांगण्यासारखे फारसे सुचले नाही, कारण ते आपले म्हणणे एकमेकांना सांगून टाकतात.

---

सांजवेळ

दोन दिवसांनी परत आले. आपल्या प्रतिसादानंतर खेड्यातले भाग पुन्हा पाहिले, या वेळी उपशीर्षके बंद करून. कोरियन मला येत नाही, तेव्हा मी फक्त क्रियापदांच्या शेपट्या ऐकत बसले. कुठे ‘यो’ येतो आणि कुठे येत नाही, एवढेच.

मत बदललेले नाही; जी-वूने फार वाईट केले आणि सो-जूनने त्याला फार स्वस्तात सोडले. पण मध्येच एकदा मी मालिका थांबवली आणि धाकट्या भावाला फोन लावला. मार्चपासून आम्ही बोललो नव्हतो, आणि न बोलण्याचे कारण मी त्याला सांगितले नव्हते. त्याने उचलला. काय बोलावे ते सुचेना, म्हणून विचारले, जेवलास का? तो म्हणाला, साडेचार वाजलेत.